सॅम्पलला भाता असतो का?

कुकरच्या शिट्टीवर ‘हॅपी बर्थडे’ वाजलं आणि सगळा वर्ग खो खो हसला. आठवी-नववीतली बावीस मुलं, शाळेच्या संगणक कक्षातला रविवार, आणि समोर मी. आठवडाभर नोकरीत कोड लिहिणारा, इंजिनिअरिंगची पदवी असलेला आणि पेटीच्या तीन परीक्षा देऊन पुढे सोडून दिलेला. कार्यशाळेचं नाव होतं ‘रोजच्या आवाजांतून वाद्य’. मुलांनी घरून मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून आणायचे, ऑडॅसिटीत त्यांची आजूबाजूची शांतता कापायची, सॅम्पलर नावाच्या प्रोग्राममध्ये तो तुकडा टाकायचा आणि कीबोर्डच्या सगळ्या पट्ट्यांवर पसरवायचा. दोन तासांत प्रत्येकाकडे एक ‘वाद्य’ तयार. मुलं खूश, शिक्षक खूश, मीही खूश.

रात्री घरी आल्यावर सगळ्या फाइली एकापाठोपाठ ऐकल्या. सायकलची घंटा, स्टीलचा डबा, दाराची कडी, मिक्सर, चप्पल, कुकर. बावीस घरांतले बावीस आवाज होते, पण वाद्य एकच होतं. प्रत्येकाच्या हाताखाली तोच कीबोर्ड, त्याच बारा सुरांच्या पायऱ्या, तीच दाबली-की-वाजली अशी पट्टी. घंटेचा डबा केला काय किंवा डब्याची घंटा केली काय, वाजवणाऱ्याला काहीच फरक पडत नव्हता. मी मुलांना वाद्य बनवायला शिकवलं नव्हतं. फाइल कुठे ठेवायची ते शिकवलं होतं.

माझी चूक माझी आहेच, पण ती पाककृती माझी नव्हती. सॅम्पलिंग शिकवणारे बहुतेक धडे असेच असतात: रेकॉर्ड करा, कापा, पसरवा, वाजवा. यातली तिसरी पायरी तपासून पाहावी असं मला तेव्हापासून वाटतंय, कारण सगळी गडबड ‘पसरवा’ या शब्दात आहे.

*

पसरवणं म्हणजे नेमकं काय? रेकॉर्ड केलेला आवाज म्हणजे आकड्यांची लांब रांग. सीडीच्या दर्जाला सेकंदाला ४४,१०० आकडे. ही रांग जरा वेगाने वाचली की सूर चढतो, हळू वाचली की उतरतो. एक पट्टी वर जायचं तर वेग सुमारे १.०५९५ पट करायचा. असं बारा वेळा केलं की वेग बरोबर दुप्पट होतो आणि आपण वरच्या सप्तकात पोचतो. गणित म्हणून सुंदर आहे, मला आजही आवडतं.

पण वेग दुप्पट झाला की दोन सेकंदांचा आवाज एका सेकंदात संपतो. त्याची सुरुवात, त्याचं विरणं, त्यातला खरखरीतपणा, सगळं त्याच प्रमाणात आक्रसतं. माणसाच्या आवाजाचं तर आणखी वाईट होतं. आपण गाताना सूर बदलतो तेव्हा गळ्यातल्या पडद्यांच्या कंपनांचा वेग बदलतो, घसा आणि तोंडाची पोकळी मात्र साधारण तेवढीच राहते. त्या पोकळीमुळेच ‘आ’ हा ‘आ’ वाटतो आणि आई ही आई वाटते. सॅम्पलर मात्र सुराबरोबर पोकळीही ताणतो. वरच्या सप्तकात गेलेली बाई गाणारी बाई राहत नाही, कार्टूनमधली खार होते.

यावर उपाय आहेत आणि ते जुने आहेत. १९६३ मध्ये बर्मिंगहॅममध्ये मेलोट्रॉन नावाचं वाद्य तयार होऊ लागलं. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा स्वतंत्र तुकडा असे, सुमारे आठ सेकंदांचा. पट्टी दाबली की फीत पुढे सरकायची, सोडली की झटक्यात मागे यायची. बीटल्सच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’च्या सुरुवातीची बासरी ती हीच. तिथे काहीच पसरवलेलं नव्हतं. कुणीतरी खरोखर प्रत्येक सूर वेगळा वाजवला होता आणि तो आठ सेकंदांनी संपायचाच. श्वास संपतो तसा.

पुढे १९७९ मध्ये सिडनीहून फेअरलाइट हा संगणकी सॅम्पलर आला. आता फीत नव्हती, आकडे होते, आणि स्मृती इतकी महाग की आवाज जेमतेम सेकंदाच्या आसपासचा ठेवायचा. म्हणून एकच तुकडा अनेक पट्ट्यांवर ताणण्याची सवय लागली. स्ट्राव्हिन्स्कीच्या ‘फायरबर्ड’मधला सगळ्या वाद्यवृंदाचा एक दणका त्यात तयार मिळायचा. एका बोटाने अख्खा वाद्यवृंद. ऐंशीच्या दशकातल्या पॉप गाण्यांमध्ये तो दणका इतक्यांदा वाजला की तो त्या काळाचा शिक्काच झाला.

माझं म्हणणं एवढंच, की ‘एक आवाज, सगळ्या पट्ट्या’ ही सौंदर्यदृष्टीतून आलेली कल्पना नव्हती. ती स्मृतीच्या टंचाईतली काटकसर होती. आज मुलांच्या दप्तरातल्या मोबाइलमध्येही तेव्हाच्या फेअरलाइटपेक्षा कितीतरी जास्त स्मृती असते. तरी आपण त्यांना टंचाईतली रीतच शिकवतो, आणि तीही वाद्य बनवण्याची एकमेव रीत असल्यासारखी.

*

इथे पेटीची गोष्ट सांगणं भाग आहे. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती तीन दशकं टिकली. पेटीविरुद्धचे आक्षेप आजच्या सॅम्पलरला जसेच्या तसे लागू पडतात: सूर आधीच ठरलेले आहेत, दोन पट्ट्यांच्या मधे काही नाही, म्हणून मींड नाही, श्रुती नाहीत. सगळे आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहेत. गंधारावरून मध्यमावर घसरत जाणं पेटीला जमत नाही, याला काही उत्तर नाही.

आणि तरीही त्याच काळात, त्याआधी आणि नंतरही मराठी रंगभूमीवर आणि मैफलीत पेटी वाजत राहिली. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी ती अशी वाजवली की ऐकणाऱ्याला मधली गाळलेली जागा ऐकू यावी. हे कसं झालं? पेटी शिकताना माझ्या बाईंनी मला पहिले दोन महिने एकच गोष्ट सांगितली होती आणि ती मला तेव्हा फार कंटाळवाणी वाटायची: “उजव्या हाताचं नंतर बघू. आधी भाता.” एकच पट्टी दाबून ठेवायची आणि भात्याने तो सूर उचलायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा. हवा कमी पडली की सूर थरथरतो, जास्त झाली की ओरडतो. पट्टी फक्त कोणता सूर ते सांगते. तो सूर जिवंत ठेवण्याचं काम डाव्या हाताचं.

टीकाकार पट्ट्यांकडे बघत होते. पट्ट्यांबद्दल ते बरोबरच होते, पण वाद्य भात्यात होतं.

त्या रात्री बावीस फाइली ऐकताना मला बाई आठवल्या. माझ्या मुलांच्या वाद्यांना पट्ट्या होत्या, भाता नव्हता. सॅम्पल वाजायला लागलं की वाजवणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. आवाज आधीच घडून गेलेला असतो, पट्टी फक्त त्याला पुन्हा सोडते. एखादा सूर धरून ठेवायचा, त्याला डिवचायचं, त्याने कुरकुर करायची, आपण सावरायचं, असा जो हात आणि वस्तू यांच्यातला वाद असतो तो नसतो.

तबल्याच्या तयार सॅम्पलांमध्ये हे फार स्पष्ट ऐकू येतं. डग्ग्यावरचा ‘गे’ म्हणजे नुसती बोटाची थाप नाही. थापेनंतर मनगटाचा दाब पुढे सरकतो आणि सूर वाकतो. किती वाकवायचा, कधी सोडायचा, हे तबलजी त्या क्षणी समोरच्या गाण्याकडे बघून ठरवतो. सॅम्पलमधल्या ‘गे’ला एकच वाकणं माहीत असतं आणि ते दर वेळी तितकंच. चांगली संकलनं याच बोलाची पाच-सहा रेकॉर्डिंगं ठेवून ती आळीपाळीने वाजवतात, म्हणजे कान लगेच ओळखत नाही. पण ती फसवणूक लांबवणं झालं. वाकवण्याचा निर्णय अजूनही वाजवणाऱ्याच्या हातात नाही.

*

दुसऱ्या रविवारी मी कीबोर्ड कपाटात ठेवले आणि मुलांना पिएर शेफेरचा जुना प्रयोग करायला लावला. शेफेर हा फ्रेंच रेडिओतला अभियंता. १९४८ मध्ये त्याने पॅरिसच्या बातिन्योल स्थानकातल्या आगगाड्यांचे आवाज तबकड्यांवर घेऊन त्यांची रचना केली आणि ती रेडिओवरून ऐकवली. नुसत्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांतून संगीत करण्याच्या परंपरेची सुरुवात साधारण तिथून मानतात. त्याच काळात त्याला एक शोध लागला: घंटेच्या आवाजातून टोल पडतो तो पहिला क्षण कापून टाकला, तर उरलेला आवाज घंटेचा वाटत नाही. तो फुंकून वाजवायच्या वाद्यासारखा लागतो.

आमच्या शाळेची घंटा म्हणजे दोरीने टांगलेला रुळाचा तुकडा. आम्ही तो रेकॉर्ड केला आणि पहिला टोल कापला. वर्ग एकदम गप्प झाला. रोज सहा तास ऐकलेली घंटा ओळखू येत नव्हती. “म्हणजे आपण घंटा ऐकतो ती फक्त सुरुवातच ऐकतो?” एका मुलाने विचारलं. कान वस्तू ओळखतो तो बराचसा पहिल्या काही क्षणांत, हे मी पाठ्यपुस्तकात वाचलं होतं. त्यांनी ते कात्रीने शोधलं.

मग आमच्यातला एक मुलगा, जो पहिल्या रविवारी काहीच न आणता आला होता, त्याने जुन्या वाड्यातल्या दाराची कुरकुर आणली. वीस सेकंदांची, दार सावकाश उघडतानाची. ती पट्ट्यांवर पसरवून त्याने बघितली आणि म्हणाला, “दादा, हे दार नाही. दार मी जोरात ढकललं की वेगळं ओरडतं.” त्याला सुचलं ते साधं होतं: पट्ट्या नकोत, एक आडवी सरकपट्टी हवी. ती सरकवली की रेकॉर्डिंगमध्ये त्या जागी जायचं. मी त्याच्याबरोबर बसून ब्राउझरमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम लिहिला. बोट जिथे असेल तिथला सेकंदाच्या विसाव्या हिश्शाएवढा कण वाजतो, आणि असे कण एकमेकांवर पडत राहतात. बोट थांबलं की दार एकाच जागी गुरगुरत राहतं. बोट हळू नेलं की कुरकुर लांबते, झटकलं की किंचाळते.

दाराची कुरकुर आणि गजाने व्हायोलिनची तार वाजणं यांमागे एकच गोष्ट असते: दोन पृष्ठभाग अडकतात, सुटतात, पुन्हा अडकतात. हे त्या मुलाला माहीत नव्हतं. शेफेरचा सहकारी पिएर आंरी याने १९६३ मध्ये एक दार आणि एक उसासा एवढ्यावर अख्खी रचना केली आहे, तेही त्याला माहीत नव्हतं. त्याला एवढंच हवं होतं की हाताचा वेग आवाजात यावा. अर्ध्या तासाने तो डोळे मिटून वाजवत होता आणि वाईट वाजवत होता. चुकत होता, परत जात होता, एक विशिष्ट कण्हणं पुन्हा सापडत नाही म्हणून चिडत होता. त्या कार्यशाळेत ज्यावर चुकता येतं असं हे पहिलं वाद्य. कुकरवरच्या ‘हॅपी बर्थडे’त चुकायला जागाच नव्हती. फार तर चुकीची पट्टी दाबली गेली असती.

सॅम्पलपासून वाद्य बनवायला शिकवायचं असेल तर पहिला प्रश्न ‘कोणता आवाज?’ हा नसावा, ‘या आवाजाचा भाता कुठे आहे?’ हा असावा. म्हणजे मूळ वस्तूत हाताचं काय बदललं की आवाज बदलतो? दारात वेग. डब्यात कुठे मारलं ती जागा. सायकलच्या घंटीत अंगठ्याचा झटका. तांब्यात पाण्याची पातळी. ते एक बदलतं नातं शोधायचं आणि तेच वाद्यात आणायचं, मग सूर बारा असोत की दीड.

*

शेफेरशी माझं इथपर्यंत जमतं. पुढे जमत नाही. त्याचा आग्रह होता की ऐकताना आवाजाचा उगम विसरायचा. आगगाडी विसरा, नुसता आवाज ऐका, त्याचा पोत, त्याचं वजन. कान तयार करण्यासाठी हा व्यायाम उत्तम आहे. पण त्याच वर्गात एक मुलगी होती आणि तिने आणला होता आजीचा आवाज.

आजी गावाला असते. ती फोनवर पहिल्यांदा जी हाक मारते, ती नातीने रेकॉर्ड केली होती. पहिल्या रविवारी मीच ती पट्ट्यांवर पसरवून दिली. वर आजी खार झाली, खाली राक्षस झाली, मुलं हसली. ती मुलगीही हसली, पण दुसऱ्या रविवारी तिने मला बाजूला घेऊन विचारलं, “दादा, आजीला विचारायला हवं होतं का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण प्रश्न कधी पडलाच नव्हता. माझ्या व्यवसायात आवाज हा डेटा असतो. कॅनडाचा संगीतकार आर. मरे शेफर याने याच गोष्टीसाठी एक शब्द केला होता, स्किझोफोनिया: आवाज आणि त्याचा उगम यांची फाटाफूट. त्याच्या लेखी तो आजारपणाचा शब्द होता. शेफर स्वतः शाळकरी मुलांना ऐकायला शिकवत असे, कान स्वच्छ करण्यावर त्याने १९६७ मध्ये एक पुस्तिकाच लिहिली. फ्रेंच शेफेर म्हणतो उगम विसरा, कॅनडाचा शेफर म्हणतो विसरलात तिथेच बिघडलं. नावं इतकी सारखी की मुलांचा गोंधळ उडाला, पण वाद त्यांना बरोबर कळला.

या फाटाफुटीचं सगळ्यात मोठं उदाहरण सहा-सात सेकंदांचं आहे. १९६९ मध्ये द विन्स्टन्स या बँडच्या ‘आमेन, ब्रदर’ या गाण्यात ग्रेगरी कोलमन याने चार आवर्तनं एकट्याने ड्रम वाजवले. तो तुकडा पुढे हजारो गाण्यांत कापून वापरला गेला, जंगल आणि ड्रम अँड बेस हे प्रकार त्यावरच उभे आहेत. कोलमनला त्याचा मोबदला मिळाला नाही. २००६ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या डोक्यावर छप्पर नव्हतं. ते संगीत थोर आहे, मी ते रात्रभर कोड लिहिताना ऐकलेलं आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि शिकवताना दोन्ही सांगायला हव्यात.

याच्या उलट उदाहरण आपल्याकडे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्राच्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या वाचायला-ऐकायला मिळतात तेव्हा सोबत गाणाऱ्या बाईचं नाव असतं, गाव असतं. तयार सॅम्पलांच्या संकलनात ‘इंडियन व्होकल’ अशा फोल्डरमध्ये ‘फिमेल ०७’ नावाची फाइल सापडते तेव्हा मला हा फरक आठवतो. सातवी कोण? ती कुठे बसून गायली? फाइलचं नाव ही तांत्रिक बाब नाही, ती पहिली समीक्षा आहे. वर्गात आता नियम आहे: फाइलच्या नावात वस्तू, जागा आणि माणूस. ‘दार, जोशी वाडा, मी ढकलताना’ असं.

त्या मुलीने आजीला विचारलं. आजीने, मुलीच्या सांगण्यानुसार, आधी विचारलं की याचे पैसे पडतात का, आणि मग सांगितलं की काय करायचं ते कर, पण मला चिडवल्यासारखं करू नकोस. मुलीने शेवटी जे बनवलं त्यात एकच पट्टी आहे. ती दाबली की आजीची हाक मूळ सुरात, पूर्ण वाजते. मधे थांबवता येत नाही, वर-खाली नेता येत नाही. आणि एकदा वाजली की लगेच पुन्हा वाजत नाही, मिनिटभर पट्टी मुकी राहते. मी म्हटलं, अगं, हे वाद्य नाही, ही घंटी झाली. ती म्हणाली, “आजी पण लगेच परत हाक नाही मारत.”

मी त्यावर बराच विचार केला आहे. भात्याबद्दलच्या माझ्या सगळ्या सिद्धान्तात तिचं वाद्य बसत नाही, त्यात हाताला काहीच स्वातंत्र्य नाही. तरी त्यात एक निर्णय आहे आणि तो पूर्णपणे तिचा आहे. ताणता येतं म्हणून ताणायचं नाही, हे तिने वाद्याच्या रचनेतच लिहून ठेवलं. इतर मुलांच्या वाद्यांमध्ये आवाज हाताचं ऐकतो. इथे हात आवाजाचं ऐकतो.

*

शेवटच्या रविवारी सगळ्यांनी आपापली वाद्यं एकत्र वाजवली. संगीत म्हणून ते फार बरं झालं नाही. दाराने सगळ्यांवर मात केली, डब्यांना ताल धरता येईना, आजीची हाक दोनदा आली आणि दोन्ही वेळा सगळे थांबले.

आणि कुकरवाला मुलगा. त्याने मधल्या तीन रविवारांत भाता, उगम, टोल कापणं हे सगळं निमूट ऐकून घेतलं आणि शेवटी तोच पहिला कुकर घेऊन आला, सगळ्या पट्ट्यांवर पसरवलेला. मी जरा खट्टू झालो. तो म्हणाला, बहिणीच्या वाढदिवसाला हेच वाजवलं, आई हसून हसून खुर्चीवर बसली. “तिला तीन शिट्ट्या मोजायची सवय आहे ना दादा. शेवटच्या ओळीत ती मोजायलाच लागली.”

म्हणजे उगम तिथेही कुणी विसरलं नव्हतं. पुढच्या तुकडीला पहिल्या दिवशी मी काय सांगणार आहे ते मला बऱ्यापैकी ठाऊक आहे. कुकरवर ‘हॅपी बर्थडे’ वाजवू द्यायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही.